विमानाची तिकिटं

"तुमच्यात शिंका कुणाला येतात?"

खोली भाड्यानं बघायला आलेल्या माणसांना हा प्रश्न कुणी विचारत नसतं. पाथरीतल्या आमच्या घरमालकांनी तो विचारला, आणि सगळ्यात आधी विचारला. गाव कोणतं, नोकरी काय, माणसं किती, हे सगळं मागाहून. आमचे हे तिथल्या शाळेत नुकतेच मास्तर म्हणून लागले होते. ते बिचारे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी पदर सारखा करत म्हटलं, "मला येतात. सकाळी उठल्या उठल्या." घरमालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. थोडा वेळ आढ्याकडं बघून ते म्हणाले, "सकाळची हरकत न्हाई. सकाळी मी पेटी उघडत नसतो." आणि खोली आम्हाला मिळाली.

पेटीचा उलगडा सामान लावून झाल्यावर झाला. पत्र्याची हिरवी पेटी, दोन्ही बाजूंना कड्या, आत जाड पुठ्ठ्याची पानं, आणि पानापानावर टपालाची तिकिटं. पण कुठलीही नव्हेत. ज्या तिकिटावर विमान असेल, नाहीतर विमान उडवणारा माणूस असेल, तेवढीच. राजे, राण्या, हत्ती, देवळं त्यांच्या खिजगणतीतही नव्हती. हिंदुस्थान सरकारनं तेव्हा डाकेची एक माळच काढली होती. ती ते मला फार कौतुकानं दाखवायचे. "बघा, हा डाकवाला पळायलाय. मग बैलगाडी आली, टांगा आला, उंट, आगगाडी, जहाज, लारी. आन् सगळ्यांच्या शेवटी हे." शेवटचं विमानाचं ठेवायचे आणि डाकवाल्यापासून लारीपर्यंत सगळं पोरांना वाटून टाकायचे.

एकदा मी त्यांच्या दारात उभी राहून शिंकले. त्यांनी दोन्ही हातांनी पान झाकलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "एक शिंक, सूनबाई, आन् अर्धा युरोप तुमच्या चुलीत."

धंद्यानं ते अर्जनवीस. तहसील कचेरीसमोर लिंबाखाली सतरंजी टाकून बसायचं, खेड्यापाड्यातून आलेल्या माणसाचं गाऱ्हाणं मराठीत ऐकायचं आणि सरकारच्या उर्दूत कागदावर उतरवायचं. सगळे त्यांना मुनशी म्हणत. मी काका म्हणायची. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. अंगानं काडी, मान लांब, वैशाखातसुद्धा कानाला रुमाल बांधलेला. वाऱ्याची त्यांना स्वतःसाठी भीती आणि तिकिटांसाठी वेगळी भीती.

धंद्यानंच त्यांना शब्दांची धास्ती लावली होती. "शब्द चुकला की माणूस आत," असं सारखं म्हणत. त्यामुळं समोरच्याचं बोलणं दुरुस्त केल्याशिवाय त्यांना पुढं जाताच येत नसे. भाजीवाली ताजी मेथी म्हणाली की हे म्हणणार, "कालची म्हणा. पाणी मारलेली म्हणा." आमचे हे शाळेत निघताना "येतो" म्हणाले की "जातो म्हणायला भ्यायचं कशाला, मास्तर?" मी त्यांच्या संग्रहाला चित्रं म्हटलं की बोट वर. "चित्रं न्हाईत. तिकिटं." कागद म्हटलं तरी तेच. मी मग मुद्दाम, नुसतं चिडवायला, चिठोऱ्या म्हणायची. "तिकिटं म्हणा, सूनबाई. ज्याचं नाव त्याला द्यावं." दर वेळी तितक्याच काळजीनं. चिडायचे नाहीत. चिडणं त्यांना येतच नव्हतं, त्यांना फक्त काळजी करता यायची.

तिकिटं यायची मानवतच्या एका जिनिंगमधून. तिथं कापसाच्या व्यवहाराची परदेशी पत्रं येत. तिथल्या कारकुनाचे घरगुती अर्ज काका लिहून देत, आणि तो रिकामी पाकिटं धाडून देई. पाकीट आलं की घरात पाहुणा आल्यासारखी धांदल. पितळी परातीत कोमट पाणी, त्यात पाकिटाचा कोपरा सोडायचा, आणि तिकीट आपणहून सुटून वर येईपर्यंत परातीशेजारी उकिडवं बसायचं. ओढायचं नाही, बोट लावायचं नाही. पायातला काटा काढायचा चिमटा असतो ना, त्यानं अलगद उचलायचं आणि धुतलेल्या धोतरावर वाळत घालायचं. उन्हाळ्यात अंगणात माझे सांडगे आणि ओसरीत त्यांची विमानं, दोन्ही एकदमच वाळत पडलेली असायची. राखण मात्र मी एकटी करायची. कारण चिमणी आली की काका आधी घाबरायचे आणि मग हाकलायचे, तोवर सांडगा गेलेला असायचा.

वाळलेलं तिकीट पेटीत जाण्याआधी ते उजेडात उलटंसुलटं करून बघत. अमेरिकेत म्हणे एकदा छापणाऱ्याच्या हातून विमान उलटं छापलं गेलं होतं. ते ऐकल्यापासून काकांना प्रत्येक तिकिटावर विमान उलटं दिसायचं. मी म्हटलं, "सापडलं तर चांगलंच की. दुर्मिळ म्हणून मिरवाल." तर म्हणाले, "मिरवायचं काय त्यात? आत माणूस बसलेला हाय."

आणि हा माणूस स्वतःच्या घराच्या माळवदावर कधी चढला नाही. पावसाळ्याआधी वर खारी माती टाकायला गडी चढे, तेव्हा हे खाली शिडी धरून उभे, तेही डोळे मिटून. मी एकदा विचारलं, खरं विमान पाहिलंय का कधी? म्हणाले, "एकदा आवाज ऐकला लांबून. मी घरात गेलो."

"मग हा नाद कशाला केलात?"

"हवेत धरायला काही नसतं, सूनबाई. झाडाला फांदी असते, विहिरीला पायरी असते. तिथं काय धरायचं माणसानं? आन् तरी जायलेत. कुणीतरी त्यांची काळजी करायला पाहिजे का न्हाई?"

मला हसू आलं होतं. पुढं पुढं ते ओसरलं, कारण ते खरोखर काळजी करत. फ्रान्सचं एक तिकीट होतं, त्यावर समुद्रापलीकडं टपाल नेणाऱ्या एका वैमानिकाचा चेहरा. तो एका सकाळी टपाल घेऊन निघाला, एक यंत्र बिघडलंय एवढं कळवलं, आणि नंतर आवाज नाही. सरकारनं त्याच्या नावानं तिकीट काढलं म्हणजे माणूस गेला, हे कुणालाही कळेल. काकांना कळत नव्हतं. "मेलेला पाहिला का कुणी?" म्हणत. आमच्या ह्यांनी शाळेतून वर्तमानपत्र आणलं की दारातून विचारत, "मास्तर, फ्रान्सचं काही?" पुढं लढाई पेटली, फ्रान्सचं बरंच काही यायला लागलं, पण काकांना पाहिजे होतं ते आलं नाही. लढाईत परदेशी पाकिटं बंद झाली आणि विमानं बाँब टाकायला लागली. दोन्ही गोष्टींनी काका सारखेच खचले.

त्यांच्या जिवाला आणखी एक घोर होता. आमच्या निजाम सरकारच्या तिकिटांवर चारमिनार होता, लेणी होती, दवाखाना होता, तलाव होता, विमान नव्हतं. काकांनी हैदराबादेला अस्सल दरबारी उर्दूत दरखास्त केली की हुजुरांच्या तिकिटावर एक हवाई जहाज असावं. उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी आपल्या दरखास्तीची मनात शंभरदा उजळणी केली, आणि कुठलातरी शब्द वेडावाकडा पडला असणार असं ठरवून टाकलं. कचेरीचा शिपाई गल्लीच्या तोंडाला दिसला की ते आत जाऊन पाणी पीत.

असा माणूस. शांत दिवसांतही ज्याला झोप नव्हती, त्याला पुढं तो अठ्ठेचाळीसचा पावसाळा बघावा लागला.

निजाम सरकार राहणार की जाणार, हिंदुस्थानात सामील होणार की नाही, याचा निकाल लागत नव्हता. खाकी कपड्यातले रझाकार भाले-बंदुका घेऊन गावातून फिरत. ज्या घरचा पोरगा सरहद्दीपलीकडच्या, निजामाशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात पळाला असेल, त्या घरावर त्यांचा डोळा. बरीच बिऱ्हाडं वऱ्हाडाकडं, नगरकडं निघून गेली होती. मला सातवा महिना होता. माहेर लांब, वाटा बंद, आमचे हे शाळा सोडायला तयार नाहीत. दाराला कडी घातली तरी मी पुन्हा उठून ती हलवून बघायची. काकांची भीती मला तोवर गमतीची वाटायची. त्या दिवसांत ती भिंतीच्या अलीकडं माझ्या खोलीत राहायला आली.

अफवांना ऊत आला होता. सरकारसाठी विमानं रात्रीची बंदुका आणतात म्हणे. मोठमोठे लोक त्याच विमानांतून बायकापोरं बाहेर काढतात म्हणे. कचेरीसमोरच्या चहाच्या हॉटेलात एके दिवशी हीच चर्चा चालली होती. कुणीतरी सहज विचारलं, "पण ह्या विमानाचं तिकीट मिळतं तरी कुठं?"

काका कोपऱ्यात बशीतून चहा पीत होते. विषय विमानाचा, शब्द तिकिटाचा. त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "कुठल्या देशाचं पाहिजे? माझ्याकडं फ्रान्सचं हाय, जर्मनीचं हाय, इटलीचं हाय."

हॉटेल चिडीचूप झालं म्हणे. काकांना वाटलं, लोक प्रभावित झाले. घरी येऊन मला त्यांनी हे आनंदानं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गावानं त्यांच्या नादाबद्दल आदर दाखवला होता. मी तांदूळ निवडत होते. माझे हात थांबले. मी म्हटलं, "काका, तुम्ही टपालाची म्हणालात का?"

"विमानाची तिकिटं म्हणालो. बरोबर तेच म्हणालो."

"टपालाची हा शब्द तोंडातून निघाला का?"

ते आठवायला लागले. आठवता आठवता त्यांचा चेहरा उतरत गेला. बसल्या जागी त्यांनी कानाचा रुमाल सोडला आणि परत बांधला.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. ज्यांनी कधी ओळख दाखवली नव्हती ते ओसरीवर टेकून इकडचं तिकडचं बोलत आणि निघताना हळूच विचारत. काका सगळ्यांना समजावून सांगत, आणि जितकं समजावत तितका लोकांचा विश्वास पक्का होई. ज्याच्याकडं काहीच नाही तो इतका घाम फोडून कशाला सांगेल?

पलीकडच्या घरची आक्काही आली. आक्का म्हणजे भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. विधवा, कष्टाळू, तोंडाची फटकळ आणि माझ्या डोहाळ्यांच्या वेळी आईसारखी उभी राहिलेली. तिची एकुलती एक लेक कौसा, वालूरला दिलेली. जावई कॅम्पात पळाला होता. कौसा नुकतीच बाळंत झालेली, घरी आंधळा सासरा, आणि रझाकार जावयाचा पत्ता विचारायला येऊन गेलेले. पुन्हा येऊ म्हणून गेलेले. आक्काला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

तिनं कौसाची गळ्यातली सोन्याची एकदाणी पदराच्या गाठीतून सोडून काकांच्या पुढ्यात ठेवली. "मुनशी, येक तिकीट द्या. लेकराचं लागत न्हाई, ते मांडीवर बसंल."

काकांनी एकदाणीला हातही लावला नाही. पेटी उघडली, चिमट्यात एक तिकीट धरून तिच्या डोळ्यांसमोर आणलं. "आक्का, बघा. हे असं हाय. पत्राला चिकटवायचं."

आक्कानं निरखून बघितलं. त्यावर विमान होतं, साफ दिसत होतं. "एवढंसं?"

"एवढंच."

"रेल्वेचं बी एवढंच अस्तंय की."

मी दारात उभी होते. मला हसावं की रडावं कळेना, कारण तिचं काही चुकत नव्हतं. मानवत रोड स्टेशनावर खिडकीतून मिळतो तो पुठ्ठ्याचा तुकडा याहून किती मोठा असतो? आणि त्याच्यावर तर आगगाडीचं चित्रसुद्धा नसतं.

काका घामाघूम झाले. "ह्याच्यावर माणूस जात न्हाई, आक्का. कागद जातो."

"कागद जातो आन् माणूस जात न्हाई?" आक्का उठली. एकदाणी पुन्हा पदरात बांधली. "न्हाई द्यायचं तर न्हाई म्हना, मुनशी. येडं कशाला करायलात? आमी काय तुमच्या नात्यातले हाव का?"

ती गेल्यावर मी काकांवर तुटून पडले. भाडेकरणीनं घरमालकाला बोलू नये असं बोलले. जाळून टाका म्हटलं ती पेटी, माझ्या चुलीत घाला. आज ही आली, उद्या दुसरं कुणी येईल. तुम्हाला नेतील, मग ह्या घरात पोटुशी बाई एकटी काय करेल? त्यांनी ऐकून घेतलं. खरोखर पेटी उचलून माझ्या चुलीपाशी आणली. वरचं पान काढलं, जाळाकडं नेलं, आणि हात तिथंच थांबला. त्यांच्या बोटांना चटका बसत होता तरी हात पुढं जाईना आणि मागंही येईना. शेवटी मीच तो मागं ओढला. रागानं मला रडू फुटलं.

मग ज्याची भीती होती ते झालं. गौरी बसायच्या होत्या त्या आधीची गोष्ट. भर दुपारी ठाण्याचे अमीन, म्हणजे पोलिसांचे मुख्य, आमच्या दारात उभे राहिले. सोबतच्या जवानाला त्यांनी बाहेरच थांबवलं. गल्लीतली सगळी दारं फटीएवढी उघडली. आमचे हे शाळेत होते. मी माझ्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसले; मधलं दार नुसतं लोटलेलं होतं, आणि पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मला वाटलं आरडाओरड होणार. अमीनसाहेब इतक्या हळू बोलले की आधी दुसरंच कुणी आलंय असं वाटलं. "मुनशीजी, दो टिकट होना. मेरी वालिदा और मेरी बच्ची के वास्ते. कराची का हो तो अच्छा, नहीं तो कहीं का भी." थोडं थांबून, "किसकू बोलना नको."

ज्यांच्या नावानं गाव घाबरत होतं, तो माणूस आई आणि लेकीसाठी मागत होता, आणि त्याचा आवाज आक्काच्या आवाजासारखा होता.

पेटीची कडी वाजली. मग पानं उलटल्याचा आवाज. एक पान, आणखी एक पान. फटीतून मला अमीनसाहेबांचा हात दिसत होता. तो एका पानावर नुसता ठेवलेला होता. त्यांना उर्दूत समजावून सांगायची गरज पडली नाही. शिकलेला माणूस, बघितल्यावर कळलं.

आणि त्याला कळलं त्या क्षणी मला दुसरंच कळलं. सरकारचा अमीन आपली माणसं पळवून न्यायला निघालाय, हे आता एका अर्जनविसाला माहीत झालं होतं. असा माणूस बाहेर गेला आणि त्याला वाटलं की हा बोलेल, तर संध्याकाळपर्यंत काका राहणार नव्हते.

काकांनाही ते कळलं असावं. घशात कफ अडकल्यासारखे ते आधी खाकरले, आणि मग इतक्या मोठ्यानं बोलले की मी दचकले. त्यांच्या तोंडून तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "साब! झडती में जो निकला सो आप के सामने है! सरकार में जमा कर लीजिए! मेरी कुछ हरकत नहीं!"

गल्लीला ऐकू जावं म्हणून बोलले. अमीनसाहेब झडतीला आले होते, मागायला नव्हे, हे गल्लीला दिसावं म्हणून बोलले. अमीनसाहेब त्यांच्याकडं बघत राहिले. मग तेही मोठ्या आवाजात, ठाण्यातल्या आवाजात, बाहेरच्या जवानाला म्हणाले, "उठाव पेटी!"

जवानानं एकाच कडीला धरून पेटी उचलली. ती तिरपी झाली, आतली पानं घसरल्याचं मला ऐकू आलं. "आडवी धरा," काका म्हणाले. उर्दू विसरले. "आडवी धरा हो, आडवी." जवानानं ऐकलं नाही. अमीनसाहेबांनी वळून स्वतः दुसरी कडी धरली आणि दोघं ती पेटी मधोमध धरून गल्लीतून घेऊन गेले. आणि सगळ्या गल्लीनं ते बघितलं.

मी धावत गेले. काका ओसरीच्या खांबाला धरून उभे होते. मी म्हटलं, "वाचलात." ते म्हणाले, "फ्रान्सचा तेवढा काढून घ्यायला पाहिजे होता." मग खाली बसले. मी त्यांना पाणी दिलं, अर्धं सांडलं.

चारआठ दिवसांत अमीनसाहेबांच्या घरच्या बायका पहाटेच्या छकड्यातून मानवत रोडकडं गेल्या आणि पुन्हा दिसल्या नाहीत. पाठोपाठ हिंदुस्थानची फौज आली. अमीनसाहेबही त्या गडबडीत कुठंतरी गेले. ठाण्यातली कपाटं, खुर्च्या, कागद, जे हाताला लागलं ते लोकांनी नेलं. पेटी कुणी नेली कळलं नाही. लोकांनी झेंडे लावले, पेढे वाटले, आमच्या ह्यांनी शाळेवर चढून झेंडा बांधला. मी रात्रीची झोपायला लागले.

कौसा मात्र आली नाही. वालूरहून निघालेल्या एका गाडीबरोबर ती वऱ्हाडाकडं जायला निघाली होती. ओली बाळंतीण, वर पाऊस, पूर्णेला पाणी. नदी उतरायची वाट बघत माणसं काठावर पडून होती, तिथं तिला ताप भरला. फौज आल्याचं तिला कळलं नाही. लेकरू सोबतच्या एका बाईनं अंगावर पाजून जगवलं आणि आक्काच्या ओटीत आणून घातलं. आक्का रडली नाही. लेकराला दूध पाजायची, दळायची, सारवायची, आणि कुणी कौसाचं नाव काढलं की उठून जायची. माझी मुलगी तेव्हा नुकती झाली होती.

गल्लीनं मात्र हिशेब जुळवला होता. अमीन मुनशीच्या घरी आला, पेटी घेऊन गेला, आणि त्याची माणसं उडून गेली. यापेक्षा स्पष्ट काय पाहिजे? मुनशीनं तिकिटं दिली ती रझाकारांच्या माणसाला, आपल्या माणसाला दिली नाहीत. कुणीतरी वर कळवलंही. फौजेच्या एका अधिकाऱ्यानं काकांना बोलावून घेतलं, सगळं ऐकलं, पोट धरून हसला आणि चहा पाजून परत पाठवलं. सरकारदरबारी ते सुटले. गल्लीत सुटले नाहीत. लिंबाखाली त्यांच्या सतरंजीपुढं कुणी बसेना. भाजीवाली दार चुकवून जाई. मी जिथं जाईन तिथं सांगायची, भांडायची: अहो टपालाची होती ती, पाकिटावर लावायची! बायका माझं ऐकून घेत आणि आपसात बघत. ही त्यांच्याच घरात राहते.

एका सकाळी आक्का आली. लेकरू काखेत होतं. ओसरीच्या पायरीखाली उभी राहिली, वर आली नाही. काका सुपारी कातरत बसले होते, ते उठले.

"मुनशी," ती म्हणाली, "मला येवढंच सांगा. अमीनाला दोन दिली. माझ्या कौसासाठी येक न्हवतं तुमच्याजवळ?"

मी माझ्या दारात होते. मुलगी खांद्यावर होती. मनात म्हटलं, आता बोट वर होणार. आता टपाल, पाकीट, कागद, माणूस, सगळं पहिल्यापासून. मला त्या क्षणी ते हवंच होतं. त्यांनी ओरडून सांगावं, आक्काला हाताला धरून पटवावं, हा बट्टा एकदाचा धुऊन काढावा.

काकांचं बोट वर झालंच नाही. त्यांनी आक्काच्या काखेतल्या लेकराकडं बघितलं. मग आक्काकडं.

"होतं," ते म्हणाले. "येक होतं, आक्का. द्यायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

"काका!" मी ओरडले. त्यांनी माझ्याकडं न बघता हात केला, गप्प राहा म्हणून.

"मला म्हाईतच व्हतं," आक्का म्हणाली. ती पायरीवर बसली, लेकराच्या डोक्यावर तोंड टेकवलं, आणि कौसा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.